विनिमयशुल्क-परिहार : एका उपेक्षित शास्त्राची रूपरेखा

१. विषय, प्रयोजन, अधिकारी

परदेशात कार्डाने रक्कम चुकती करताना मूळ किमतीवर जो जादा आकार पडतो, त्याचे स्वरूप, उगम आणि निवारण यांचा पद्धतशीर विचार म्हणजे विनिमयशुल्क-परिहारशास्त्र. या शास्त्राकडे अर्थशास्त्राने ते फार लहान म्हणून, आणि प्रवासवर्णनकारांनी ते फार रुक्ष म्हणून पाठ फिरवली. परिणामी, आल्प्सच्या हिमशिखरांवर मराठीत विपुल लेखन झाले. पण त्या शिखरांच्या पायथ्याशी घेतलेल्या कॉफीवर किती टक्के आकार पडला, याची नोंद साहित्यात आढळत नाही. ती उणीव अंशतः भरून काढणे, एवढेच प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

शास्त्राचा विषय शुल्क, प्रयोजन परिहार, आणि उभयतांतील संबंध रोग व पथ्य यांच्यासारखा आहे. अधिकारी कोण, हे मात्र काटेकोरपणे ठरवले पाहिजे. ज्याचे बिल कंपनी भरते तो अधिकारी नव्हे. त्याला शुल्काची वेदना नाही, आणि वेदनेवाचून जिज्ञासा नाही. कार्डाचे मासिक स्टेटमेंट न उघडता फक्त ‘एकूण देय’ पाहून पैसे भरणाराही अधिकारी नव्हे. जो स्टेटमेंट ओळीओळीने वाचतो, पावत्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये तारीखवार ठेवतो आणि परदेशी मुक्कामी दात घासण्यापूर्वी त्या दिवसाचा दर पाहतो, तोच या शास्त्राच्या अध्ययनास पात्र होय. लिंग, वय व शिक्षण यांची अट नाही. निवृत्तांची प्रगती या विषयात विशेष जलद होते, असे निरीक्षण आहे.

२. पूर्वपीठिका

हे शास्त्र अर्वाचीन व पाश्चात्त्य आहे, हा समज निराधार आहे. पेशवाईत एकाच मुलखात अनेक टांकसाळींचे रुपये चालत. अंकुशी निराळा, चांदवडी निराळा. प्रत्येकाचा कस वेगळा. एका प्रकारचा रुपया दुसऱ्यात मोजून घेताना सराफ बट्टा कापून घेई. दूरगावी रक्कम पाठवायची तर हुंडी करावी लागे, आणि हुंडीवर हुंडणावळ द्यावी लागे. म्हणजे काशीयात्रेला निघालेल्या पुणेकराला समुद्र न ओलांडताही परिहाराची गरज भासत होती.

१८३५ च्या नाणेकायद्याने कंपनीच्या मुलखात एकच प्रमाण रुपया ठरला आणि अंतर्गत बट्ट्यास उतरती कळा लागली. तेव्हापासून शास्त्र दीर्घकाळ सुप्तावस्थेत होते. सर्वसामान्य कुटुंबात परदेशगमन दुर्मीळ असल्याने परिहारास योग्य असा व्यवहारच घडत नव्हता. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, सहलकंपन्यांच्या बसगाड्या युरोपात फिरू लागल्या, फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी रक्कम पाठवण्याची उदारीकृत योजना आणली, आणि खिशात कार्ड आले. सराफाची गादी गेली. तिच्या जागी तळहाताएवढे यंत्र आले. बट्टा मात्र राहिला.

३. परिभाषा

पुढील विवेचनासाठी पाच संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे.

(क) मूलमूल्य : वस्तूच्या चिठ्ठीवर त्या देशाच्या चलनात छापलेली किंमत.

(ख) आधारदर : व्हिसा, मास्टरकार्ड इत्यादी कार्डसंस्था ज्या दराने परकी चलन रुपयांत बदलतात तो दर. या संस्था आपले दर जाहीर करतात, त्यामुळे तो गूढ नाही. फक्त तो पाहण्याची तसदी घ्यावी लागते.

(ग) आकार : कार्ड देणारी बँक आधारदरावर जे टक्के चढवते ते. व्यवहारात यास ‘मार्कअप’ म्हणतात. भारतीय कार्डांवर तो बहुधा दोन ते साडेतीन टक्के असतो.

(घ) उपाकार : आकारावर लागणारा १८ टक्के वस्तू व सेवा कर. हा कर वस्तूवर नसून आकारावर आहे, हे ध्यानात ठेवावे. साडेतीन टक्के आकार उपाकारासह ४.१३ टक्के होतो. हा आकडा अधिकाऱ्यास मुखोद्गत असावा.

(ङ) परिहार : शुल्क भरून मग कस्टमर केअरशी वाद घालणे म्हणजे परिहार नव्हे, ते उत्तरकार्य होय. शुल्क उद्भवण्याचा प्रसंगच येऊ न देणे, हाच परिहार. त्याचे अल्प, मध्यम व पूर्ण असे तीन अंश आहेत.

प्रमाणांविषयी एक सूचना. या शास्त्रात पावती हे प्रत्यक्ष प्रमाण, स्टेटमेंटवरून मागे जाऊन काढलेला दर हे अनुमान, आणि बँकेत नोकरीस असलेल्या भाच्याने फोनवर सांगितलेले ते शब्दप्रमाण. पैकी प्रत्यक्ष सर्वश्रेष्ठ असले तरी ते उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेले असल्याने काही महिन्यांत पुसट होऊन जाते. म्हणून पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे, असा दंडक आहे.

४. शुल्कभेद

शुल्क पंचविध आहे.

पहिले प्रकट शुल्क. वर वर्णिलेला आकार व उपाकार मिळून हे होते. बँकेच्या अटींत ते लिहिलेले असते, स्टेटमेंटात बहुधा स्वतंत्र ओळीत दिसते, आणि मालकाशी खोटे बोलत नाही. शास्त्रज्ञांना याच्याविषयी राग आहे, पण आदरही आहे.

दुसरे प्रच्छन्न शुल्क. दुकानातील यंत्र मूलमूल्याचे तिथल्या तिथे रुपयांत रूपांतर करून देण्याची तयारी दाखवते. यास ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ अथवा डीसीसी म्हणतात. येथे दर आधारदर नसून दुकानदाराच्या बाजूची बँक किंवा सेवादार ठरवतो, आणि त्यात त्याचा नफा आधीच मिसळलेला असतो. हा नफा आपल्या बँकेच्या आकारापेक्षा पुष्कळदा जास्त भरतो. शिवाय, व्यवहार रुपयांत झाला तरी दुकान परदेशात असल्याने अनेक भारतीय बँका त्यावर आपला निराळा आकार लावतातच. अशा वेळी एकाच चॉकलेटवर दोनदा बट्टा पडतो.

तिसरे संकर शुल्क. डॉलर भरलेले फॉरेक्स कार्ड घेऊन स्वित्झर्लंडात फ्रँकमध्ये खर्च केला की हे उत्पन्न होते. एकदा रुपयाचा डॉलर झाला, पुन्हा डॉलरचा फ्रँक झाला. दोन्ही वळणांवर कोणीतरी उभा असतो.

चौथे यंत्रशुल्क. हे एटीएमवर पडते आणि रकमेशी त्याचे काही देणेघेणे नसते. थायलंडात परदेशी कार्डाने पैसे काढताना दर खेपेस ठरावीक रक्कम आकारण्याचा प्रघात प्रसिद्ध आहे. हजार बाथ काढा वा दहा हजार. म्हणून या ठिकाणी थोडे थोडे काढण्याची काटकसरी सवय हानिकारक ठरते. एटीएमही शेवटी रूपांतराचा पर्याय पुढे करते. तेथे ‘रूपांतर नाकारा’ हे बटण दाबल्यास व्यवहार रद्द होईल, या भीतीने पुष्कळ जण ते टाळतात. व्यवहार रद्द होत नाही. फक्त रूपांतर नाकारले जाते.

पाचवे गृहस्थ शुल्क. हे सर्वांत सूक्ष्म होय. नाशिकमध्ये आपल्या घरी, झोपाळ्यावर बसून, रुपयांत किंमत दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पैसे भरले तरी ते दुकान परदेशात नोंदलेले असेल तर आकार पडू शकतो. पासपोर्ट कपाटात, मालक झोपाळ्यावर, आणि व्यवहार आंतरराष्ट्रीय. या अवस्थेची मीमांसा अद्याप अपुरी आहे.

५. निर्णयकाल

शास्त्राचा गाभा एका क्षणात आहे. यंत्राच्या पडद्यावर दोन रकमा उमटल्यापासून बोट बटणावर टेकेपर्यंतचा जो काळ, त्यास निर्णयकाल म्हणावे. कार्डाचे आरंभीचे अंक त्याची बँक व देश सांगतात. त्यामुळे कार्ड आत सरकताच यंत्रास मालकाचे कुलगोत्र कळते आणि ते रुपये पुढे करते. कोणते चलन घ्यावे, हा निर्णय कार्डधारकाचाच, असा व्हिसा व मास्टरकार्ड या दोहोंचा नियम आहे. युरोपीय संघाने २०१९ च्या ५१८ क्रमांकाच्या विनियमाने एक पाऊल पुढे टाकून, संघातील चलनांच्या बाबतीत हा जादा भाग युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराशी तुलना करून टक्क्यांत दाखवणे बंधनकारक केले. रुपयास हे संरक्षण नाही. त्याने आपले आपण पाहावे, अशी स्थिती आहे.

निर्णयकालाचे एक नमुनेदार निरीक्षण येथे नोंदवतो. स्थळ : लुझर्न, तळ्याकाठचे दुकान. वस्तू : चॉकलेटचा डबा, मूलमूल्य ४८ फ्रँक. उपस्थित : कार्डधारक, त्यांच्या पत्नी, काउंटरवरील तरुणी, आणि पाठीमागे बसच्या वेळेने अस्वस्थ झालेले चौदा सहप्रवासी. पडद्यावर वर ५१३६ रुपये, खाली ४८ फ्रँक.

“अहो, रुपयांत दाखवतंय! दाबा की.”

“थांब गं. म्हणूनच दाबत नाहीये.”

“पण आपल्याला कळतं तरी किती गेले ते.”

“कळतं, म्हणून तर जातात.”

शेवटचे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे. गणिताच्या सोयीसाठी एक फ्रँक म्हणजे शंभर रुपये धरल्यास मूलमूल्य ४,८०० रुपये होते. फ्रँक निवडल्यास साडेतीन टक्के आकार १६८ रुपये, उपाकार ३० रुपये २४ पैसे. एकूण ४,९९८ रुपये २४ पैसे. रुपये निवडल्यास यंत्राने सात टक्के चढवलेले ५,१३६. त्यावर बँकेने एक टक्का लावला तर ५१ रुपये ३६ पैसे, त्याचा उपाकार ९ रुपये २४ पैसे. एकूण ५,१९६ रुपये ६० पैसे. दोहोंतील अंतर १९८ रुपये ३६ पैसे. डबा तोच, वजन तेच.

निर्णयकाली कार्डधारकाची जी वृत्ती असते, तीवरून त्याचे पाच वर्ग पडतात.

१. स्वदेशभावित : परक्या भूमीवर रुपयाचे चिन्ह पाहून ज्याचा ऊर भरून येतो आणि त्या भरातच बोट पडते.

२. सुबोधप्रिय : ज्यास स्वस्त नको, समजणारे हवे. वरील निरीक्षणातील पत्नी या वर्गातील होत.

३. हरितानुसारी : जो हिरव्या बटणास शुभ व लाल बटणास अशुभ मानतो. यंत्राची मांडणी करणाऱ्यांस हा वर्ग पूर्वीपासून परिचित असावा.

४. परनिर्णीत : ज्याच्या वतीने विक्रेत्याने आधीच बटण दाबलेले असते. याने सही करण्यापूर्वी पावती पाहावी. तीवर रुपये असल्यास व्यवहार रद्द करून पुन्हा करण्यास सांगावे. तसे सांगण्याचा हक्क त्यास आहे. धैर्य हा स्वतंत्र विषय आहे.

५. निष्णात : जो कार्ड देण्यापूर्वीच “लोकल करन्सी, प्लीज” असे उच्चारतो. हे तीन शब्द या शास्त्राचे बीज होत. बाकी सर्व विस्तार.

६. संप्रदाय

परिहार इष्ट आहे, यावर एकमत असले तरी मार्गाविषयी तीव्र मतभेद आहेत. मुख्य संप्रदाय सहा.

स्थानिकवादी संप्रदाय प्राचीनतम. जेथे जावे तेथील चलन निवडावे, प्रकट शुल्क शांतपणे भरावे, प्रच्छन्न शुल्क मात्र कदापि भरू नये, हे त्याचे मत. यास मध्यम परिहार म्हणतात.

शून्याकारवादी प्रकट शुल्कही सोसत नाहीत. ज्यावर आकार शून्य आहे असे कार्ड ते निघण्यापूर्वी मिळवतात. यांच्यात दोन शाखा. शुद्ध शाखेच्या मते आकार शून्य म्हणजे शून्य. सापेक्ष शाखा कार्डाचे वार्षिक शुल्क, हुकलेले रिवॉर्ड पॉइंट आणि विमानतळावरील लाउंजमध्ये न मिळालेला उपमा यांचीही वजाबाकी करते. दोन्ही शाखांचे अनुयायी एकाच बसमध्ये असल्यास इंटरलाकेन येईपर्यंत इतरांना झोप लागत नाही.

पूर्वभरणवादी फॉरेक्स कार्डात रक्कम आधीच भरून दर गोठवून ठेवतात. दर पुढे चढला तर त्यांची मुद्रा प्रसन्न असते. उतरला तर ते विषय बदलतात. चलन विकत घेतानाच्या सेवेवर कर असतो. लहान रकमेसही किमान २५० रुपये सेवामूल्य धरून त्याचे १८ टक्के, म्हणजे ४५ रुपये, द्यावे लागतात. सहलीअखेर कार्डात उरलेले साडेअकरा युरो हा या संप्रदायाचा विशेष. ते परत वटवण्यास खर्च येतो, म्हणून ‘पुढच्या खेपेला’ राखून ठेवतात. पुढच्या खेपेला जपान ठरते.

रोकडवादी यंत्रावर विश्वासच ठेवत नाहीत. नोटा गळ्यातील पाकिटात, पाकीट बनियनच्या आत, आणि बनियन स्वेटरखाली. शुल्क वाचते, मात्र प्रत्येक खरेदीपूर्वी आडोसा शोधावा लागतो. चलन विमानतळावर बदलल्यास सारा लाभ तेथेच संपतो, हे या संप्रदायाचे ज्येष्ठ नवागतांना पुनःपुन्हा बजावतात.

क्यूआरवादी हा नवसंप्रदाय. २०२१ मध्ये भूतानने यूपीआय स्वीकारले, फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी ते सुरू झाले, त्याच महिन्यात श्रीलंका व मॉरिशस जोडले गेले. या संप्रदायाचे लोक देश आधी ठरवून देण्याची रीत तपासत नाहीत. देण्याची रीत पाहून देश ठरवतात. लागणाऱ्या दरात आकार मिसळलेला असू शकतो, हा आक्षेप ते ऐकून घेतात, पण स्कॅन झाल्यावर.

सहावा व सर्वांत कडवा तो निर्व्यवहारवादी संप्रदाय. व्यवहार नाही तर विनिमय नाही, विनिमय नाही तर शुल्क नाही, अशी त्याची निर्दोष अनुमानमाला आहे. दशम्या, धपाटे, भडंग, मेतकूट, कैरीचे लोणचे आणि किटलीत होणारा तयार उपमा, अशी सामग्री घेऊन हे लोक दहा दिवस युरोप पाहतात. दुकानांच्या काचा ते बाहेरून पाहतात आणि किंमत मनातल्या मनात रुपयांत करतात; मानसिक विनिमयास अद्याप शुल्क नाही. टीकाकारांच्या मते यांनी जादा सामानापोटी विमानकंपनीस जे दिले ते हिशेबात धरले पाहिजे. संप्रदायाने हा आक्षेप फेटाळला आहे, कारण ते सामान सहप्रवाशांत वाटून नेले होते.

७. पूर्वपक्ष व उत्तरपक्ष

पूर्वपक्षी विचारतो : सहलीस माणशी तीन लाख मोजणाऱ्याने १९८ रुपयांसाठी चौदा जणांस ताटकळत ठेवणे हा विवेक आहे काय? योग्य एटीएम शोधण्यासाठी ट्रामचे तिकीट काढले, भाच्याला विचारण्यासाठी रोमिंगवर फोन केला, तो खर्च बचतीहून अधिक नव्हे काय?

याचे उत्तर दोन अंगांनी द्यावे लागेल. प्रथम, ट्रामचे तिकीट व रोमिंग हा साधनव्यय असून त्याची गणना प्रवासखर्चात होते, शुल्कात नव्हे. दोन भिन्न खात्यांतील रकमांची तुलना हा वर्गदोष आहे.

दुसरे अंग अधिक मूलगामी आहे. मूल्य आणि बट्टा यांत जातिभेद आहे. मूल्य दिल्यावर काहीतरी हाती येते : चॉकलेट, दृश्य, निदान पोट भरल्याची जाणीव. बट्ट्याच्या मोबदल्यात काहीच येत नाही. आणि प्रच्छन्न बट्टा तर आपण स्वतः, आपल्या बोटाने, सोयीचा म्हणून निवडलेला असतो. हेच शल्य आहे. मराठी गृहस्थ चॉकलेटच्या डब्यास ४,८०० रुपये देताना किंचित हळहळेल, पण देईल. नातेवाइकांत वाटायला न्यावेच लागते. पण कोणीतरी हसतमुखाने आपल्याला दोनशेला गंडवले, हे त्यास पुढची दहा वर्षे जेवताना आठवत राहील. परिहाराने वाचतात ते रुपये नव्हेत; ती दहा वर्षांची जेवणे वाचतात. प्रति जेवण हिशेब मांडल्यास या शास्त्राइतके किफायतशीर दुसरे शास्त्र नाही.

८. पूर्ण परिहाराचे स्वरूप आणि साडू-ऋण

पूर्ण परिहार, म्हणजे वस्तू हाती येऊन शुल्क तर नाहीच, पण मूलमूल्यही आपल्या कार्डावर न पडणे, हा दीर्घकाळ केवळ तात्त्विक आदर्श मानला जात असे. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने तो व्यवहारात आणला. या परिपत्रकानुसार नवे वा बदलून दिलेले कार्ड केवळ देशांतर्गत वापरास खुले असते. परदेशी वापर कार्डधारकाने स्वतः, अ‍ॅपमध्ये वा बँकेत, सुरू करून घ्यावा लागतो. पाचही शुल्कभेद कंठस्थ असलेल्या, निर्णयकाली तीन बीजशब्द अचूक उच्चारणाऱ्या निष्णाताने हे एवढेच केलेले नसले, तर यंत्र कार्ड नाकारते. आकार शून्य, उपाकार शून्य, संकर शून्य. मागे उभे असलेले साडू पुढे होतात आणि आपले कार्ड लावतात.

यातून शास्त्राचा आजवर न सुटलेला प्रश्न उद्भवतो : साडूंना किती रुपये परत करावेत? एका मतानुसार त्या दिवशीच्या आधारदराने मूलमूल्य. दुसऱ्या मतानुसार साडूंच्या स्टेटमेंटात प्रत्यक्ष पडलेली रक्कम, आकार-उपाकारासह. तिसऱ्या मतानुसार साडूंनी बेसावधपणे रुपये निवडले असल्यास वाढीव भाग त्यांच्या अज्ञानाचा असून तो त्यांनीच सोसावा. पहिल्या मतास गणिताचा आधार आहे, दुसऱ्यास न्यायाचा, आणि तिसऱ्यास निर्णयकाली शेजारी उभ्या असलेल्या साक्षीदारांचा. आमचे मत दुसऱ्याकडे झुकते. मात्र त्यासाठी साडूंकडे स्टेटमेंट मागावे लागते, आणि ते मागायचे कोणी, दोघी बहिणींपैकी थोरलीने की धाकटीने, हे ठरेपर्यंत रक्कम येणे बाकी अशीच मांडावी.